ट्रॅकवाले, रविवारवाले आणि एकच तिजोरी

आमच्या कार क्लबचं सचिवपद माझ्याकडे आलं, कारण दोन्ही गट माझ्यावर सारखेच नाराज होते. माझी गाडी अकरा वर्षं जुनी हॅचबॅक. वर्षातून दोनदा ती शर्यतीच्या ट्रॅकवर नेतो आणि महिन्यातून एकदा रविवारी सगळ्यांबरोबर लांबच्या फेरीला जातो. त्यामुळे ट्रॅकवाले मला रविवारवाला समजतात आणि रविवारवाले ट्रॅकवाला. या खुर्चीत नऊ वर्षं गेली. तुमच्या क्लबात गाडी पळवणारे आणि नुसत्या हौसेने येणारे यांच्यात धुसफूस सुरू झाली असेल, तर पुढचं वाचा. यातलं बरंचसं मी आधी चुकीचं करून मग शिकलोय.

सभा नको, वही घ्या

"एकदा सगळ्यांनी मोकळेपणाने बोलून टाकू या" असा विषय सभेत चुकूनही घेऊ नका. मी घेतला होता. सव्वादोन तास चालला, दोघं मध्येच उठून गेले आणि इतिवृत्तात लिहिण्याजोगी एक ओळ निघाली नाही.

त्याऐवजी एक साधी वही घ्या आणि पानाच्या मधोमध रेघ मारा. वर्षभर जे कानावर येईल ते ज्याच्या त्याच्या शब्दांत लिहून ठेवा. उत्तर देऊ नका, समजूत घालू नका. माझ्या वहीत डाव्या बाजूला ट्रॅकवाले होते: "आम्ही अंधारात उठून प्लास्टिकचे कोन लावतो, हे ऊन आल्यावर फोटो काढायला येतात." "स्टिकरच्या रंगावर तासभर चर्चा!" "गाडी चालवायला घेतली की पुसायला?" उजवीकडे रविवारवाले: "आमच्या वर्गणीवर यांचे टायर झिजतात." "लॅप टायमिंग सोडून दुसरं बोलताच येत नाही यांना." (लॅप टायमिंग म्हणजे ट्रॅकची एक फेरी किती वेळात झाली ते.) आणि एका काकांचं वाक्य, जे मी दोनदा अधोरेखित केलं: "मी हळू चालवतो म्हणजे मला गाडी कळत नाही, असं धरून चालतात."

वर्षअखेरीस वही चाळली. वेगावरून भांडण जवळजवळ नव्हतंच. पैसे कुणाचे गेले, राबलं कोण आणि मान कुणाला मिळाला, यातच सगळं आलं. एकच नोंद वेगळी होती, रस्त्यावरच्या ओव्हरटेकची. तिच्याकडे नंतर येतो.

आधी हिशेब वेगळे करा

हे काम पहिलं. बाकी सगळं त्यानंतर. आमच्या खजिनदारांनी एका वार्षिक सभेत वही उघडून शांतपणे सांगितलं की लागोपाठ तीन ट्रॅक डे (ट्रॅक भाड्याने घेऊन गाड्या पळवायचे दिवस) तोट्यात गेले आणि तो खड्डा सर्वसाधारण निधीतून बुजवला गेला. ट्रॅकचं भाडं, रुग्णवाहिका, मार्शल (ट्रॅकवर झेंडे दाखवून सुरक्षा बघणारे) हे सगळं आगाऊ भरलेलं होतं आणि ऐन वेळी पाच-सहा जण गळाले होते. कुणी एक पैसा खाल्ला नव्हता. पण कुणाला सांगितलंही नव्हतं, आणि भडका उडायला तेवढं पुरलं.

आता आमचा नियम असा की ट्रॅक डे स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा. त्याचा खर्च बहुतांशी ठरलेला असतो, गाड्या वीस येवोत की दहा. समजा एकूण खर्च १०० भाग आहे. पंचवीस जण आले तर प्रत्येकी ४ भाग पडतात, सोळाच आले तर सव्वासहा. लोकांना पंचविसाचा आकडा सांगून सोळांवर कार्यक्रम उरकला की तोटा आलाच. म्हणून फी ठरवताना वीस येतील असं वाटत असेल तर अठरा धरा. ट्रॅकच्या मालकांनी बुकिंग रद्द करायची जी शेवटची तारीख दिलेली असते, तिच्या चार दिवस आधी आपली पैसे भरायची शेवटची तारीख ठेवा. त्या दिवशी अठराजणांचे पैसे हातात नसतील तर कार्यक्रम रद्द. "येतो म्हणालाय" हा माणूस मोजायचा नाही. पैसे भरले तो आला.

सर्वसाधारण निधीतून फक्त तेच घ्या जे दोघांच्याही उपयोगी पडतं: अग्निशामक, वॉकीटॉकी, कोन, प्रथमोपचार पेटी, हवा भरायचा कंप्रेसर. हाच गज दुसऱ्या बाजूलाही लावा. वार्षिक मेळाव्याचं सभागृह आणि सजावट यांच्यावर ट्रॅकवाल्यांच्या वर्गणीतून खर्च होत होता आणि त्यांतला एकही तिकडे फिरकत नव्हता. ही गोष्ट पुढे आली तेव्हा रविवारवाल्यांचे चेहरे पाहण्यासारखे होते. मेळाव्यालाही आता वेगळं शुल्क आहे.

दर तिमाहीला दोन्ही खात्यांचा हिशेब एका पानावर मांडून सगळ्यांना पाठवा. कुणी वाचत नाही. पण पाठवला नाही त्या तिमाहीत तीन फोन येतात.

रस्त्यावरची फेरी

आता ती वेगळी नोंद. एका फेरीत वळणावळणाच्या रस्त्यावर आमच्या एका ट्रॅकवाल्याने ओळीतल्या तीन गाड्या एका दमात मागे टाकल्या. समोर मोकळं होतं, त्याच्या दृष्टीने अगदी सोपं काम. तिसऱ्या गाडीत एका सदस्याची आई मागच्या सीटवर बसली होती. ते कुटुंब पुन्हा कधी आलं नाही आणि त्यांनी तक्रारही केली नाही. मला तीन महिन्यांनी दुसऱ्याकडून कळलं.

हा माणूस बेफिकीर नव्हता. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, पुढचा हात बाहेर काढून बाजू दाखवतो तेव्हाच मागचा पुढे जातो, वळणापलीकडे मार्शल झेंडा घेऊन उभा असतो. त्या सगळ्या व्यवस्थेची त्याला सवय झाली होती. रस्त्यावर त्यातलं काहीच नसतं, आणि समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरला ब्रीफिंग मिळालेलं नसतं.

म्हणून फेरीत गटातल्या गटात ओव्हरटेक बंद. अपवाद नाही, विनंती नाही. एका तुकडीत आठ-दहाच गाड्या. पोचायची वेळ जाहीर करू नका, त्याची शर्यत होते. रस्ता चुकू नये म्हणून आमची पद्धत सोपी आहे: वळायच्या ठिकाणी आलात की मागची गाडी आरशात दिसेपर्यंत थांबायचं, तिने तुम्हाला पाहिलं की मगच वळायचं. मग कुणाला पुढच्याला गाठायची घाई करावी लागत नाही.

आणि सगळ्यात जलद माणसाला शेवटची गाडी द्या. यात थोडा डाव आहे, कबूल. पण शेवटच्या गाडीत पंक्चरचं सामान, ओढायचा दोर, वॉकीटॉकी असतो. कुणाचं इंजिन तापलं, कुणाला मळमळलं तर निस्तरायला तोच थांबतो. तीन गाड्या मागे टाकणारा तो गडी पुढच्या फेरीत सगळ्यांच्या मागे होता. संध्याकाळी म्हणाला, "चाळीस किलोमीटर एकाच्या ब्रेक लाइटकडे बघत होतो. उजवा लागत नाही त्याचा." आणि तिथेच बल्ब बदलून दिला.

ट्रॅकवर आणायचं तर दार कुठलं

"या की एकदा ट्रॅकवर, भीती जाईल" हे आमंत्रण नव्हे, टोमणा आहे. घाबरतोय असं कुणी म्हणालंच नव्हतं.

ज्याला यायचंय त्याच्यासाठी दोन-तीन वेगवेगळी दारं ठेवा. मधल्या सुट्टीत पुढे एक गाडी ठेवून, तिच्या मागे रांगेने, बेताच्या वेगात दोन फेऱ्या. यात कुणीही आपली रोजची गाडी घेऊन येतो, मुलंही खूश होतात. दुसरं, शेजारच्या सीटवर बसून फेरी, अर्थात ट्रॅकचे नियम आणि विमा परवानगी देत असतील तर आणि हेल्मेट घालूनच. शेजारी कुणी बसलेलं असताना टायमिंग लावायचं नाही. आणि खरंच शिकायचं असेल तर नवख्यांचा वेगळा गट, त्यात शिकवणारा शेजारी बसलेला.

ते दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य म्हणणारे काका. त्यांची निळी सेदान सोळा वर्षांची आहे आणि दाराच्या आतल्या कडासुद्धा चकचकीत. ते आमच्यातल्या सगळ्यात जलद चालकाच्या शेजारी बसले. तीन फेऱ्यांनी उतरले, हेल्मेट काढलं, केस सारखे केले. आम्ही सगळे वाट बघत होतो. म्हणाले, "याचे हात माझ्यापेक्षा हळू फिरतात." ते स्टिअरिंगकडेच बघत बसले होते, रस्त्याकडे नव्हेच. झटका नाही, दुरुस्ती नाही, एकदा वळवलं की तसंच धरून ठेवतो, असं बराच वेळ सांगत होते. जलद चालवणं म्हणजे धसमुसळेपणा, ही त्यांची वर्षानुवर्षांची समजूत तीन फेऱ्यांत गेली. ट्रॅकवर स्वतःची गाडी मात्र त्यांनी आजवर आणलेली नाही, आणि कुणी विचारायचंही नाही असं मी सांगून ठेवलंय.

काकांना काम दिलं तपासणीच्या टेबलावर. ट्रॅकवर उतरण्याआधी प्रत्येक गाडी तपासावी लागते आणि तिथे किरकिरा माणूसच हवा. ट्रॅकवाले एकमेकांना "ठीक आहे रे, जा" म्हणून सोडतात. काका सोडत नाहीत. गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवायचं. ढिलाई जाणवली तर बेअरिंगवर संशय. मग डावी-उजवी बाजू धरून हलवायचं. नुसतं त्याच दिशेला ढिलं लागलं तर टाय रॉडकडे, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याकडे, बघायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी एका सेमी-स्लिक टायरवाल्या (ट्रॅकसाठीचे, कमी खाचांचे टायर) गाडीचं पुढचं डावं चाक दोनदा हलवलं, कान जवळ नेला आणि ती गाडी परत पाठवली. मालक चिडला. संध्याकाळी मेकॅनिकने बेअरिंग काढून हातात दिलं तेव्हा गप्प झाला. गाडी कळणं म्हणजे काय, यावर आमच्याकडे नंतर फारशी चर्चा झाली नाही.

तपासणीत एक गोष्ट नवख्यांना नीट समजावून सांगा, कारण रोजच्या गाडीने ट्रॅकवर येणाऱ्याला तीच दगा देते: ब्रेक फ्लुइड. हे तेल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं फ्लुइड किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पाणी शिरलेल्या फ्लुइडसाठी हीच किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ५.१ चे आकडे २६० आणि १८०. गाडीचा वेग दुप्पट झाला की थांबवताना ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. रस्त्यावर कधीतरी एकदा जोरात ब्रेक मारणारा माणूस ट्रॅकवर दर फेरीत सात-आठ वेळा मारतो. फ्लुइड उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पॅडल पायाखाली स्पंजासारखं आत जातं. माझं गेलंय एकदा. पुढे मोकळी माती होती म्हणून हे लिहितोय.

तेव्हा फ्लुइड नवं भरूनच या. पायाखालची मॅट काढा, डिकीतलं आणि दाराच्या खणातलं सगळं सुटं सामान खाली ठेवा. पहिल्या सत्रानंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. शेवटची फेरी ब्रेक न वापरता हळू घ्या, आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका. गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावा. हेल्मेट स्नेल या तपासणी संस्थेच्या शिक्क्याचं असेल तर एसए, म्हणजे मोटार शर्यतीसाठीचा, शिक्का बघा. एम हा शिक्का दुचाकीसाठी असतो, त्यात आगीची चाचणी नसते.

कोन उचलायला सगळे सारखे

दोन्ही गटांना एकत्र आणणारा एकच प्रकार मला सापडला, ऑटोक्रॉस. मोठं मोकळं पटांगण, प्लास्टिकचे कोन लावून आखलेला मार्ग, एका वेळी एकच गाडी. बहुतेक सगळं दुसऱ्या गिअरमध्ये होतं, फेरी मिनिटभराची. कोन पाडला तर वेळेत भर, बऱ्याच ठिकाणी प्रत्येकी २ सेकंद. गाडी गाडीला लागायचा प्रश्नच नाही, आणि जड, ताकदवान गाडीला कोनांमधून वळताना घाम फुटतो. आमच्याकडे छोट्या जुन्या हॅचबॅकने ट्रॅकच्या राजाला दोनदा मागे टाकलंय. त्याला ते अजून कुणी विसरू दिलेलं नाही.

पण ऑटोक्रॉसचा खरा गुण वेगळा आहे. जो चालवतो त्याने आपली पाळी नसताना मैदानात उभं राहून पडलेले कोन उचलायचे, ही त्यातली जुनी रीत आहे. ती कडक पाळा. कोन नाही उचलले तर पुढची फेरी नाही, मग तो कुणीही असो. सेमी-स्लिकवाला, तोच ज्याचं बेअरिंग निघालं होतं, काखेत कोन मारून धावतोय आणि काका निळी सेदान घेऊन, खिडकी खाली करून, "सावकाश, सावकाश!" असं त्यालाच ओरडून सांगताहेत, हे दृश्य मी पाहिलंय. अंधारात उठून कोन लावायची तक्रार वहीच्या डाव्या रकान्यात त्या वर्षानंतर आलेली नाही.

बोलणं आणि बक्षिसं

सभेत लॅप टायमिंगचा विषय शेवटी ठेवा. विषयपत्रिका संपली, अध्यक्ष उठले, की मग हवं तेवढं बोला. तसंच स्टिकर, टी-शर्ट, बिल्ला यांवर दहा मिनिटं, घड्याळ टेबलावर.

"खरा सदस्य", "खरा चालक" हे शब्द कुणी वापरले तर तिथेच अडवा, हसत अडवलं तरी चालेल. बक्षिसं सगळ्यात कमी वेळेला देऊ नका. तो माणूस आपण जलद आहोत हे जाणतोच. स्वतःच्याच मागच्या वेळेत सगळ्यात जास्त सुधारणा करणाऱ्याला द्या. जुनी गाडी उत्तम राखणाऱ्याला द्या. सगळ्यात जास्त तास मार्शलचं काम करणाऱ्याला नक्की द्या.

आवाजाचं भांडण वेगळं हाताळा. मोकळ्या सायलेन्सरने सकाळी भेटायच्या जागी येऊ नये, एवढं लेखी ठेवा. हा वाद आपल्याकडेच निघालाय असं कुणी समजू नये. खास मोटारींच्या शर्यतीसाठी बांधलेला इंग्लंडमधला ब्रुकलँड्सचा ट्रॅक १९०७ साली सुरू झाला, आणि १९२० च्या दशकात शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे तिथल्या गाड्यांना भलामोठा सायलेन्सर लावणं सक्तीचं झालं.

मतदान कुठे नको

कार्यकारिणीत दोन्हीकडचे किमान दोन-दोन असावेत. पण ट्रॅकच्या दिवशी त्या दिवसाचा प्रमुख एकच, आणि त्याचा शब्द शेवटचा. पाऊस आला, थांबवायचं का, यावर पिट लेनमध्ये (ट्रॅकलगतच्या, गाड्या थांबायच्या पट्ट्यात) हात वर करून मतं घेताना मी एक क्लब पाहिलाय. मोजणी होईपर्यंत दोन गाड्या बाहेर फिरतच होत्या.

आणि अपघाताआधी लिहून ठेवायची गोष्ट: ट्रॅकवर जे मोडेल ते ज्याचं त्याचं. आमच्याकडे एकाने गाडी भिंतीला लावली आणि दोन दिवसांनी क्लबकडे मदतनिधीचा अर्ज आला. माणूस चांगला, परिस्थिती ओढीची. नियम नव्हता, म्हणून चर्चा त्याच्यावर आली, आणि सगळ्या कार्यकारिणीसमोर त्याची लाज निघाली. नियम असता तर मला नुसता एक फोन करावा लागला असता.

मोटार विम्यात शर्यत आणि वेगाच्या चाचण्या सहसा बसत नाहीत. अनेक पॉलिसींत ट्रॅकवरचा कुठलाही वापर बाहेर ठेवलेला असतो. प्रत्येकाने आपली पॉलिसी वाचावी आणि विमावाल्याकडून लेखी उत्तर घ्यावं. "रस्त्यावर झालं असं पत्र द्या" अशी मागणी एक ना एक दिवस येते. मित्राकडून येते, हळू आवाजात येते. त्यावर सचिवाची सही होता कामा नये.

वेगळे व्हायची वेळ

कधीकधी सगळं करूनही जमत नाही. माझी कसोटी अशी: दोन वर्षांच्या हजेरीपटात दोन्ही प्रकारच्या कार्यक्रमांना आलेली माणसं शोधा. एकही नसेल, तर तुमचे क्लब आधीच दोन झालेत, फक्त खातं एक आहे. मग वाटणी करा, अग्निशामक आणि कोन मोजून घ्या आणि ऑटोक्रॉस तेवढा एकत्र ठेवा. आमच्या हजेरीपटात गेल्या वेळी सात नावं निघाली. त्यात काका होते. सेमी-स्लिकवालाही होता, कारण रविवारच्या फेरीत शेवटची गाडी आता तो दुसऱ्या कुणाला देत नाही.

वही अजून चालू आहे. उजव्या रकान्यातली ताजी नोंद काकांची: बंपरला कोनाचा केशरी डाग लागलाय आणि क्लबने यापुढे रंग न सोडणारे कोन घ्यावेत. सर्वसाधारण निधीतून.